गाडीची उंची वाढवायची, पण कशी? आधी ती कुठे टेकते ते बघा

इंदूरहून खंडवा रस्त्याने सिमरोल ओलांडलं की माळव्याचं पठार सरतं आणि विंध्याची कड लागते. चोरल, पातालपानी, जानापाव या भागात सुटीच्या दिवशी फोर बाय फोर घेऊन जाणाऱ्यांत मराठी मंडळी भरपूर आहेत. त्यांच्याकडून सतत कानावर येणारा प्रश्न म्हणजे, "दोन इंचाची लिफ्ट घालू की तीन?" इंचांचा हिशेब सगळ्यात शेवटी येतो. गाडीचा कोणता भाग टेकतो हे आधी कळायला हवं, कारण उंची वाढवायची प्रत्येक पद्धत गाडीचा वेगळा भाग वर उचलते. भाग चुकीचा निवडला तर पैसे जातात, गाडी रस्त्यावर बिघडते आणि दगड लागायचा तिथेच लागत राहतो.

आधी खडू लावा

गाडी धुऊन, वाळवून सपाट जागी उभी करा. ओल्या खडूने किंवा पातळ चुन्याने पाच ठिकाणी पट्टे ओढा: पुढच्या बंपरची खालची कड, पुढचा आणि मागचा डिफरेन्शियलचा गोळा (दोन चाकांच्या मधला फुगीर भाग, जिथून दोघांना ताकद वाटली जाते), गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) ज्या आडव्या पट्टीवर बसतात ती पट्टी, दोन्ही बाजूंच्या दाराखालच्या पट्ट्या, आणि मागचा बंपर किंवा हूक. चारही मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकलाही खडू फासा. मग नेहमी जाता त्याच वाटेवर, नेहमीची माणसं आणि सामान घेऊन, रोजच्याच वेगाने जाऊन या. परत आल्यावर टॉर्च घेऊन खाली वाका. खडू कुठे पुसला गेलाय ते दिसेल. पुसल्याची दिशाही बघा. पुढून मागे ओरखडा असेल तर तो भाग दगडावरून घासत गेलाय. एकाच जागी ठिपका असेल तर गाडी खाली आदळली आहे. दुसऱ्या प्रकारात बरेचदा शॉकअप संपलेले असतात आणि उंची वाढवायची गरजच नसते.

आपल्याकडच्या वाटांवर साधारण तीन प्रकार दिसतात. काळ्या मातीतल्या गाडवाटेवर ट्रॅक्टरनी चाकोऱ्या खोल केलेल्या असतात. चाकं चाकोरीत उतरतात आणि मधला उंचवटा गोळ्याला लागतो. ओढ्या-नद्यांच्या पात्रातून जाताना बसाल्टचे गोटे दाराखालच्या पट्टीवर बसतात. विंध्याच्या उतारांवर जिथे वाट एकदम वळते आणि तुटते, तिथे पुढचा बंपर किंवा पोट टेकतं. हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिन्हींना औषध एक नाही.

गोळा टेकत असेल आणि गाडीला आडवा सलग ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा) असेल, तर स्प्रिंग कितीही उंच करा, गोळा जिथे आहे तिथेच राहतो. ॲक्सल चाकांच्या मध्यावर बसलेला असतो, तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. पोट टेकत असेल तर सस्पेन्शन उंच करायचं. दाराखालची पट्टी मार खात असेल तर चौकटीला (चॅसिसला) बोल्टने बसणारे भक्कम लोखंडी स्लायडर लावणं उंचीपेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगी. बंपर टेकत असेल तर बंपर बदलायचा. टायर मडगार्डला घासत असेल तेवढ्यासाठीच बॉडी लिफ्टचा, म्हणजे चौकटीवरून फक्त बॉडी उचलण्याचा, विचार करायचा.

टेप घेऊन चार मापं

चाकाच्या हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना मोजून वहीत लिहा. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नका, टायरमधली हवा कमीजास्त असली की ते माप बदलतं. पुढची आणि मागची बाजू सारखी नसते. बऱ्याच गाड्या रिकाम्या असताना मागे थोड्या उंच असतात, म्हणजे मागे माणसं आणि सामान भरल्यावर त्या सपाट होतात. हा फरक लिहून ठेवला नाही तर लिफ्ट झाल्यावर गाडी नाक खाली घालून का उभी आहे ते कळत नाही.

जुन्या बोलेरो, जिप्सी, सीआरडीई थार (२०१० ते २०२० मधली) यांच्या बाबतीत या मापाचा आणखी एक फायदा आहे. कमान्या (पट्ट्यांच्या स्प्रिंग) दबून बसलेल्या असतात. कंपनीच्या नव्या कमान्या किंवा नव्या कॉइल स्प्रिंग टाकल्या तरी गाडी मूळ उंचीवर येते, आणि कित्येकांना तेवढंच पुरतं. देवास नाक्याकडे ट्रकांच्या कमान्यांची कामं करणारी दुकानं आहेत. तिथे जुने पट्टे ठोकून पुन्हा बाक देतात. काम स्वस्त होतं, पण नीट पाणी दिलेलं नसेल (तापवून थंड केलेलं नसेल) तर पट्टे थोड्याच दिवसांत पुन्हा बसतात. हलक्या फोर बाय फोरसाठी मी नवा सेट घ्यायलाच सांगेन.

दुसरं माप वजनाचं, आणि ते जवळजवळ कोणीच घेत नाही. प्रवासाला निघताना भरता तशी गाडी पूर्ण भरा, टाकी फुल करा, आणि धर्मकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन करा, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागचं वजन मिळतं. लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) बसवली की पुढच्या चाकांवर सहज ६० ते १०० किलो वाढतात. स्प्रिंग विकत घेताना दुकानदार "हलकी, मध्यम की भारी?" असं विचारतो, त्याचं उत्तर या पावतीवर असतं. रिकाम्या गाडीला भारी स्प्रिंग टाकली तर ती उड्या मारते आणि चाक दगडावर टिकत नाही. भरलेल्या गाडीला हलकी टाकली तर विकत घेतलेली उंची पहिल्याच सहलीत खाली बसते.

पैसे देण्याआधी कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीत असलेला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बाजारात लिफ्ट किट उघडपणे मिळतं म्हणून ते रस्त्यावर आपोआप चालतं असं समजू नका. आपल्या गाडीच्या बाबतीत काय चालेल ते आरटीओकडे लेखी विचारा. विमा कंपनीलाही काम करण्याआधी लेखी कळवा. न सांगितलेला बदल अपघातानंतर सर्व्हेयरच्या नजरेत आला तर दावा अडकू शकतो. गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शन आणि ड्राइव्ह शाफ्टची वॉरंटी जाण्याची तयारी ठेवा.

सगळ्यात निर्धोक वाट म्हणजे कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला दिलेला टायर. तीन दारांच्या थारला काही व्हेरियंटमध्ये २४५/७५ आर १६ आणि काहींत २५५/६५ आर १८ टायर मिळाले. दुसऱ्याचा व्यास जवळपास १५ मिलिमीटरने जास्त आहे, म्हणजे गोळ्याखाली ७ मिलिमीटर मिळाले. आकडा लहान वाटतो खरा. शिवाय खडकाळ वाटेवर मी १६ इंची रिमच पसंत करेन, कारण टायरची भिंत उंच असली की हवा कमी करून चालवता येतं.

हवेचं एवढं सांगतोच: टायर २० पीएसआयच्या आसपास आणला की तो जमिनीवर पसरतो, दगडाला धरतो आणि गाडी आदळायची थांबते. डिजिटल गेज आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर घ्या, डांबरी रस्ता लागण्याआधी हवा पुन्हा भरा. ज्यांनी हे करून बघितलेलं नाही त्यांनी लिफ्टचा विचार एक पावसाळा पुढे ढकलावा. लिफ्ट नाही घातली तरी हे सामान पुढे कायम उपयोगी पडतं.

टायर: गोळ्याचा एकमेव उपाय

हिशेब सोपा आहे. टायरवरचा पहिला आकडा रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के भिंत, तिसरा रिमचे इंच. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५. भिंत १५६ मिलिमीटर, दोन भिंती ३१२, रिम ३८१, एकूण ६९३. त्याजागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास ७३३.५ येतो. फरक ४०.५, आणि गोळा उचलला जातो त्याच्या निम्मा, म्हणजे २० मिलिमीटर. जिम्नीचा कागदावरचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर आहे आणि पुढेमागे दोन्हीकडे सलग ॲक्सल आहेत. ५० मिलिमीटरची स्प्रिंग लिफ्ट घालून टायर तेच ठेवला तर गोळ्याखालचे २१० तसेच राहतात. चाकोरीत अडकणाऱ्याला त्या लिफ्टचा काहीच फायदा नाही. त्याने एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं चाकोरीबाहेर ठेवून चालवायला शिकावं.

मोठ्या टायरची किंमतही बघा. वरच्या उदाहरणात परीघ जवळपास ६ टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटरवर ८० दिसत असताना चाकं आधीपेक्षा ६ टक्के जास्त अंतर कापतात, आणि तेवढाच गिअर उंच होतो. चोरलकडून भेरूघाट चढताना दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनला हे जाणवतं, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच जास्त घासला जातो. जड टायर थांबवायला ब्रेकलाही जास्त मेहनत पडते. आणि तो टायर स्टीअरिंग पूर्ण वळवून, सस्पेन्शन पूर्ण दाबलेलं असताना मडगार्डला लागतो की नाही, हे दुकानासमोर सपाट जमिनीवर कळत नाही.

आपल्या काळ्या मातीबद्दल एक गोष्ट. पाऊस झाल्यावर ती टायरच्या नक्षीत भरते आणि टायर गुळगुळीत होतो. इथे उंचीने काही होत नाही. मोकळी, खोल नक्षी असलेला टायर माती फेकून देतो, एटी (ऑल-टेरेन, सगळ्या रस्त्यांसाठीचा) टायर देत नाही. पण रोज विजयनगर ते राजवाडा करणाऱ्या गाडीला खोल नक्षीचा टायर घालू नका. ओल्या डांबरावर त्याची पकड कमी असते आणि आवाजाने घरचे कंटाळतात. ज्यांचा पावसाळा शेतातून जातो, त्यांनीच तो घ्यावा. पावसात अशा वाटा टाळणं हे त्याहून बरं, कारण आपल्या चाकांनी खोल झालेली चाकोरी शेतकऱ्याला वर्षभर सोसावी लागते.

सस्पेन्शन: तुमच्या गाडीखाली नेमकं काय आहे

सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत, म्हणून सावकाश वाचा.

*कॉइल स्प्रिंग आणि सलग ॲक्सल* (जिम्नी पुढेमागे, २०२० नंतरच्या थार आणि गुरखाची मागची बाजू). इथे उंच स्प्रिंग आणि तिला जुळणारा लांब शॉकअप हा चांगला मार्ग. फक्त स्प्रिंगखाली रबर किंवा पॉलियुरेथेनचा तुकडा घातला तर स्वस्तात २० ते ३० मिलिमीटर मिळतात, पण शॉकअप जुनाच राहतो आणि चाक खाली लटकायची जागा तेवढी कमी होते. लटकणारं चाक जमिनीला टेकलं नाही तर ते हवेत फिरतं आणि गाडी जागेवर थांबते. लिफ्टने उंची मिळाली आणि पकड गेली, असं होतं ते यामुळे.

*पुढे डबल विशबोन आणि कॉइल* (२०२० नंतरची थार, फॉर्च्युनर, व्ही-क्रॉस). सलग ॲक्सल नाही, प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन आर्मवर वेगळं हलतं. इथे एक फसवणूक लपलेली आहे. शॉकअपच्या डोक्यावर बसवायचा २५ मिलिमीटरचा स्पेसर चाकापाशी २५ मिलिमीटर देत नाही, बराच जास्त देतो. शॉकअप खालच्या आर्मच्या मध्यात कुठेतरी बसलेला असतो आणि चाक आर्मच्या टोकाला, त्यामुळे ती हालचाल चाकापाशी दीड-पावणेदोन पट होते. लोक "एक इंच तर आहे" म्हणून घालतात आणि गाडी पुढून दीड इंचाच्या वर उचलली जाते. शिवाय चाक पूर्ण लटकतं तेव्हा ते मूळ मर्यादेपेक्षा खाली जातं, बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्टचे सीव्ही जॉइंट (चाक वळतानाही ताकद पोचवणारे सांधे) वाकड्या कोनात अडकतात. रबरी बूट फाटून ग्रीस आतल्या बाजूला उडालेलं दिसलं की समजा, कोन सहन होत नाहीये. इथे स्पेसरपेक्षा त्या गाडीसाठी बनलेला स्प्रिंग-शॉकअपचा जोड घ्या आणि चाकापाशी ४० मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका.

*टॉर्शन बार* (२०१० ते २०२० मधली सीआरडीई थार, पुढची बाजू). इथे कॉइलऐवजी पीळ खाणारी लांब दांडी स्प्रिंगचं काम करते. तिचा बोल्ट पिळला की गाडी वर येते, खर्च जवळपास शून्य, म्हणून मोह मोठा. बोल्ट पिळल्याने बार कडक होत नाही, फक्त त्याची सुरुवातीची जागा बदलते. चाक खाली जायला जागा उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यावर वरचा आर्म रबरी स्टॉपवर ठोकतो. त्या स्टॉप आणि आर्ममध्ये बोट जाईल एवढी फट राहायलाच हवी. राहत नसेल तर बोल्ट उलटा फिरवा.

*कमान्या* (जिप्सी पुढेमागे, बोलेरो आणि जुन्या थारची मागची बाजू). तीन रस्ते आहेत. एक, पट्टा वाढवणं: उंची मिळते, पण चाल कडक होते. सतत सामान वाहणाऱ्यालाच हे योग्य. दोन, लांब शॅकल (कमानीचं टोक चौकटीला जोडणारी झुलती कडी): शॅकल जितकी लांब केली त्याच्या निम्मीच उंची मिळते आणि ॲक्सलचा कोन फिरतो. २५ मिलिमीटरच्या वरची शॅकल मी कोणाला सुचवणार नाही, गाडी डोलायला लागते. तीन, जास्त बाक असलेल्या नव्या कमान्यांचा पूर्ण सेट, सोबत यू-बोल्ट, बुश आणि शॉकअप. खर्च जास्त, पण काम नीट. कमान आणि ॲक्सलमध्ये लोखंडी ठोकळा घालायची पद्धत मागे जेमतेम चालते, पुढच्या ॲक्सलला कधीही नाही. ब्रेक लागताना पुढचा ठोकळा निसटला तर स्टीअरिंग हातातून जातं.

जिप्सीवाल्यांमध्ये कमान ॲक्सलखालून काढून वर बसवायची चाल आहे. जिप्सीला मुळात कमान ॲक्सलच्या खाली असते, ती वर नेली की एकदम चार-पाच इंच मिळतात. नुसतं ऐकायला सोपं आहे. त्यात ॲक्सलवर नवीन बैठका वेल्ड होतात, पिनियनचा कोन, स्टीअरिंगचा रॉड, ब्रेकच्या नळ्या, प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून ॲक्सलला ताकद नेणारा दांडा) सगळं बदलतं. ट्रेलरवर नेऊन स्पर्धेत चालवायच्या गाडीचं हे काम आहे. घरच्यांना घेऊन मांडूला जाणाऱ्या गाडीला ते करू नका.

बॉडी लिफ्ट

चौकट आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून फक्त बॉडी वर उचलायची. पोट, गिअरबॉक्स, गोळा सगळं जागच्या जागी. फायदा एकच: मोठ्या टायरला मडगार्डमध्ये जागा होते. गुरुत्वमध्य थोडाच वर जातो, कारण इंजिन आणि चौकट खालीच राहतात, हा त्यातला चांगला भाग. पण स्टीअरिंग कॉलम, गिअर लिव्हर, रेडिएटरचं कव्हर, अर्थिंगच्या वायरी, पेट्रोल भरायची नळी हे सगळं ताणलं जातं. एक इंचाच्या आत, धातूच्या किंवा कडक नायलॉनच्या ठोकळ्यांनी आणि लांब उच्च दर्जाच्या बोल्टनी केलं तर निभतं. लाकडाचे किंवा नळाच्या तुकड्यांचे ठोकळे दिसले तर त्या गॅरेजमधून गाडी परत आणा.

मग किती?

पोट टेकण्यासाठी उंचीचा हिशेब मांडता येतो. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस २,४५० मिलिमीटर आहे आणि पोट न टेकता उंचवटा ओलांडण्याचा कोन २७ अंश. पोट ४० मिलिमीटर वर गेलं तर कोनात सुमारे साडेतीन अंशांची भर पडते. ७५ मिलिमीटर गेलं तर साडेसहा अंश. दुसरीकडे तोलाचा हिशेब मांडा. समजा चाकांमधलं अंतर १,५२० आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५० मिलिमीटर. कागदावर गाडी ४५ अंशांच्या किंचित वर कलंडते. गुरुत्वमध्य ५० ने चढला की हाच आकडा साडेत्रेचाळीसवर येतो. स्थिर उभ्या गाडीचे हे आकडे आहेत. आडव्या उतारावर खालच्या बाजूची स्प्रिंग दाबली जाते, वर कॅरिअरवर सामान असतं, चाक दगडावर चढतं, आणि खरी मर्यादा याच्या कितीतरी आधी येते. घाटात वळणावर ब्रेक मारतानाही हाच तोल कामाला येतो.

रोज शहरात चालणाऱ्या, महिन्या-दोन महिन्यांतून वाटेवर जाणाऱ्या गाडीला ३० ते ४० मिलिमीटर पुरतात, असं माझं ठाम मत आहे. ५० पर्यंत मूळ जोडणी थोड्याफार दुरुस्तीने साथ देते. ७५ च्या पुढे जायचं तर लिफ्ट किटच्या किमतीपेक्षा बाकीच्या दुरुस्त्यांचा खर्च जास्त होतो.

किटमध्ये नसलेली कामं

गॅरेजवाल्याकडून अंदाजपत्रक घेताना पुढच्या गोष्टी त्यात आहेत का ते विचारा. उत्तर "त्याची गरज नाही" असं आलं तर का नाही, हेही विचारा.

कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे असलेला कल: जिम्नीसारख्या गाडीत पुढचा ॲक्सल दोन लांब आर्मवर झुलतो. गाडी वर गेली की ॲक्सल थोडा फिरतो, कॅस्टर कमी होतो, आणि बायपासवर ८० च्या वेगात स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही, गाडी भरकटते. कॅस्टर सुधारणारे बुश मिळतात. ते लिफ्टबरोबरच घालावेत.

पॅनहार्ड रॉड: ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा हा आडवा रॉड एका टोकाला चौकटीला आणि दुसऱ्या टोकाला ॲक्सलला असतो. गाडी उचलली की तो ॲक्सलला एका बाजूला ओढतो. मागून बघितलं तर एक चाक मडगार्डबाहेर जास्त आलेलं दिसतं. लांबी बदलता येणारा रॉड हा त्याचा उपाय.

ब्रेक: रबरी नळ्या आणि एबीएसच्या वायरी चाक पूर्ण लटकल्यावर ताणल्या जाता कामा नयेत. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला एक छोटी दांडी लावलेला व्हॉल्व्ह असतो. तो गाडी मागून किती दबली आहे यावरून मागच्या ब्रेकचा जोर ठरवतो. गाडी उचलली की त्याला वाटतं मागे काहीच वजन नाही, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. दांडीची जागा बदलली नाही तर भरलेल्या गाडीचं थांबण्याचं अंतर वाढतं. ही गोष्ट बऱ्याच ठिकाणी विसरली जाते आणि तीच सगळ्यात धोकादायक आहे.

शॉकअप आणि स्टॉप: चाक पूर्ण वर दाबलं जातं तेव्हा रबरी स्टॉप आधी लागला पाहिजे, शॉकअप आतून आधी आपटता कामा नये. नव्या शॉकअपची बंद आणि पूर्ण उघडी लांबी दुकानातच मोजून घ्या.

प्रॉपेलर शाफ्टचा कोन, हेडलाइटची दिशा, आणि ज्या गाडीत एडास (चालकाला इशारे आणि मदत देणारी यंत्रणा) आहे तिच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन हेही यादीत ठेवा. हेडलाइटसाठी काम करण्याआधी भिंतीसमोर गाडी उभी करून प्रकाशाच्या कडेची खूण करा. नंतर त्याच जागेवरून खाली घ्या, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात.

बसवण्याच्या दिवशी

स्वतः उभे राहा. चांगला मिस्त्री तुमच्या उभं राहण्याला हरकत घेत नाही. गाडी नुसत्या जॅकवर असताना कोणी खाली जाणार असेल तर थांबवा, चौकटीखाली घोड्या लागायला हव्यात. दाबलेली कॉइल स्प्रिंग सुटली तर माणूस मरू शकतो, तिला दोन्ही बाजूंनी नीट पकडणारा कॉम्प्रेसर हवा, तारेने बांधून चालत नाही.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यावरून चांगला मिस्त्री आणि कामचलाऊ मिस्त्री यांतला फरक कळतो. आर्मच्या आणि शॅकलच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना फक्त हाताने लावायचे. गाडी चाकांवर खाली उतरवायची, दोन्ही बाजूंनी बंपर दाबून हलवायची, स्प्रिंग आपल्या जागी बसू द्यायची, आणि मगच टॉर्क पान्याने बोल्ट शेवटचे आवळायचे. हवेत आवळले तर गाडी खाली आल्यावर आतलं रबर कायम पिळलेलं राहतं. काही महिन्यांत ते फाटतं, कुरकुर सुरू होते आणि दोष किटला जातो. यू-बोल्ट जुने परत वापरू नका, ते एकदाच ताणले जाण्यासाठी असतात.

खाली उतरवल्यावर पुन्हा चारही मापं घ्या. डाव्या-उजव्या बाजूत ५-७ मिलिमीटरचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर जागेवरच विचारा.

पहिले काही दिवस

त्याच दिवशी अलाइनमेंट करा आणि छापील कागद मागा. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), कॅस्टर, टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) तिन्ही आकडे त्यावर हवेत, नुसता टो सुधारून दिला तर काम अपुरं आहे. रिकाम्या रस्त्यावर ४० च्या वेगात ब्रेक दाबून गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. मग शेतातल्या उथळ चरावरून गाडी तिरपी न्या, एका बाजूचं पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक दाबलं जाईल अशी. तिथे थांबून हँडब्रेक लावा, मदतनीसाला लांबून बघायला सांगा: टायर कुठे लागतो, ब्रेकची नळी ताणली आहे का, लटकलेलं चाक किती खाली गेलं. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. गाडीखाली कोणीही जायचं नाही.

५०० किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. नव्या स्प्रिंग थोड्या बसतात, म्हणून मापंही पुन्हा घ्या आणि अलाइनमेंट परत बघा. पहिल्या १,००० किलोमीटरमध्ये ६० च्या आसपास स्टीअरिंग थरथरलं, चढावर खालून घरघर आली किंवा वळताना पुढून टकटक ऐकू आली तर गाडी वाटेवर नेऊ नका. थरथर बहुधा पॅनहार्डच्या बुशची किंवा टायर बॅलन्सची, घरघर प्रॉपेलर शाफ्टच्या कोनाची, टकटक सीव्ही जॉइंटची असते.

वाटेबद्दलही एक आग्रह आहे. राळामंडल अभयारण्य आहे, चोरल-महू पट्ट्यातलं बरंच रान वनविभागाचं आहे. परवानगीशिवाय तिथे चाकं घालू नका, आणि पावसाळ्यात धबधब्यांच्या वरच्या पात्रात गाडी उतरवू नका. वर पाऊस झाला की तिथलं पाणी बघता बघता चढतं.

काढलेल्या मूळ स्प्रिंग, शॉकअप आणि बोल्ट पुसून, तेल लावून, पुढचे-मागचे आणि डावे-उजवे असे पेनने लिहून घरी ठेवा. गॅरेजला भंगारात देऊ नका. लिफ्ट पटली नाही, गाडी विकायची झाली किंवा घरात वयस्कर माणसांना चढणं जड जायला लागलं, तर तो सेट एका दिवसात परत बसतो.